भाजीच्या ट्रॉलीचं चाक निखळलंय, घरीच स्वस्तात बसवता येईल का?

आम्ही सांगलीत, विश्रामबागला. स्वयंपाकघरात प्लॅस्टिकची चार कप्प्यांची ट्रॉली आहे. वर डबे, मधे कांदे-बटाटे, तळाला तेलाचा पाच लिटरचा कॅन. चाक धड आहे, पण त्याची पिन ज्या भोकात बसते तेच चिरलंय. एम-सील भरलं. वाळून दगडासारखं झालं आणि ट्रॉली ढकलल्याबरोबर अख्खा गोळा बाहेर! फेविक्विकचंही तेच. त्यात जुनी शहाबादी फरशी, सांधे उघडे पडलेले, दर सांध्याला चाक अडकतं. सासूबाई म्हणतात, चाकं काढा आणि विटांवर ठेवा. पण फरशी पुसायला ट्रॉली सरकायला तर हवी. घरात ड्रिल आहे. दोन-तीनशे रुपयांत काही जमेल का?

प्रतिसाद १
ट्रॉली उलटी करून बघा, त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. त्यावर एम-सील काय, कुठलाच साधा गोंद धरत नाही, त्यामुळे चिकटवायचा नाद सोडा. तळाच्या मापाची १२ मिमी प्लायची फळी घ्या. गणपती पेठेत नवीन घेण्याआधी ओळखीच्या सुताराकडे तुकडा मिळतो का बघा. कडांना ऑइलपेंट मारा, नाहीतर फरशी धुताना पाणी पिऊन फुगेल. पिनवाली चाकं नकोत, पत्र्याची चौकोनी प्लेट असलेली घ्या, नट-बोल्टने फळीला कसा. फळी ट्रॉलीच्या तळालाही बोल्टनेच, आतून मोठा वायसर घालून. नुसता स्क्रू प्लॅस्टिक फाडून निघतो. चाक दोन इंची घ्या, रबराचं. लहान चाक सांध्यात बसतंच.

प्रतिसाद २
वजनाचं एक लक्षात ठेवा. उंचसखल फरशीवर बऱ्याचदा तीनच चाकं टेकतात. भरलेली ट्रॉली तीस किलो असेल तर एका चाकाने किमान दहा किलो पेलायला हवं, वर धक्क्यासाठी थोडं जास्त धरा. तेलाचा कॅन तळालाच राहू दे, वर नेलात तर ट्रॉली कलंडेल. आणि जुनी चाकं टाकू नका. आसाला केस न् दोरे गुंडाळलेले असतात, ते ब्लेडने कापून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. खोबरेल नको, घट्ट होऊन धूळ धरतं.

धागाकर्ती
तळाला ५ च आहे! फळी सुताराकडे सांगितली. दोन चाकं ब्रेकची मिळतायत, ती पुढे लावू की मागे?

प्रतिसाद १
पुढे. पाय पोचेल अशा बाजूलाच.