नवा जन्म झाला म्हणता, पण माणूस नेमका किती नवा झाला?

नगरकर:

सर्वांना सलाम.

आपल्याकडच्या मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) उज्जीवन सभांचं, म्हणजे विश्वास पुन्हा जागवण्यासाठीच्या प्रार्थनासभांचं, प्रमाण बरंच वाढलं आहे. बाहेरगावचे वक्ते, उपास-प्रार्थना, शेवटच्या रात्री रडत पुढे येणारे लोक. या सभांना माझा विरोध नाही. त्यांतून दारू सुटलेली, घरी परतलेली माणसं माझ्या ओळखीची आहेत. तक्रार आहे ती पुढच्या सोमवारची. मन हेलावलं की आपण लगेच ‘नवी उत्पत्ती’ म्हणून मोकळे होतो. बाकीच्या माणसाचं काय? त्याचं शरीर, पैसा, घरातल्या बाईशी बोलण्याची तऱ्हा, धुणं-भांडी करणाऱ्या ताईंचा पगार, मुलाच्या स्थळाबद्दलच्या अटी, हे सगळं जागच्या जागी राहतं आणि मंडळीत त्याबद्दल कोणी विचारत नाही.

पूर्ण अंतःकरणाने, पूर्ण जिवाने, पूर्ण मनाने आणि पूर्ण शक्तीने देवावर प्रीती करा, असं प्रभूने सांगितलं. त्यातलं एक वेगळं काढून बाकीचं पुढच्या वर्षावर टाकायची मुभा मला तरी तिथे दिसत नाही.

उदाहरण आपल्या घरचंच आहे. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जून 1905 मध्ये मोठं उज्जीवन झालं. वेल्समधल्या आणि खासी टेकड्यांतल्या जागृतीच्या बातम्या रमाबाईंपर्यंत पोचल्या होत्या. त्याआधी कित्येक महिने तिथल्या मुली गटाने रोज प्रार्थना करत होत्या. मग रडणं, पापं कबूल करणं, रात्र-रात्र प्रार्थना. हे आपण भाषणांत नेहमी सांगतो. पण ज्या मुलींवर हे उज्जीवन आलं, त्यांतल्या बऱ्याच जणी 1896-97 आणि 1900 च्या दुष्काळांतून आणलेल्या होत्या. त्यांना आधी जेवू घातलं गेलं. अंगावरचे फोड धुतले गेले. अक्षरं शिकवली गेली. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या, विणकाम आणि शेती करणाऱ्या मुली त्याच होत्या. अंध मुलींसाठी बार्तीमय सदन होतं, फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होतं. रमाबाईंनी आत्मा एका खोलीत आणि शरीर दुसऱ्या खोलीत ठेवलं नाही. आपण मात्र 1905 ची ती रात्र उचलली आणि छापखाना तिथेच सोडून आलो.

---

शब्दसेवक:

दादा, तळमळ पोचली. तरी तुमच्या मांडणीतला धोका सांगणं मला भाग आहे. तुम्ही फळांपासून, म्हणजे कृतींपासून, सुरुवात करता आहात.

रमाबाईंचंच घ्या. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. विधवांना आसरा, शिक्षण, स्वतःच्या पायावर उभं राहणं, तुम्हाला हवं ते सगळं तिथे होतं. तरीही आपल्या साक्षीत त्या स्पष्ट सांगतात की त्या काळात त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. ती भेट पुढे झाली. म्हणजे उत्तम समाजकार्य हातून होत असतानाही आतली जागा रिकामी असू शकते, हे खुद्द त्यांनीच सांगून ठेवलं आहे.

पगार, स्थळं, स्वयंपाकघर या कसोट्या मंडळीच्या दारात लावल्या, तर आपण कृपा सोडून पुन्हा नियमशास्त्राकडे, म्हणजे नियम पाळून तारण मिळवण्याकडे, जाऊ. गुडघे टेकणाऱ्याला आधी उठू द्या. सोमवारी तो काय करतो, ते आत्मा पाहील.

---

नगरकर:

शब्दसेवकभाऊ, साक्षीचा दाखला अगदी योग्य आहे. पण त्या भेटीनंतर रमाबाई काय करत्या झाल्या, तेही बघा. प्रार्थनेची खोली धरून त्या बसल्या नाहीत. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात स्वतः जाऊन त्यांनी शेकडो मुली आणल्या, पुण्यात प्लेगचे निर्बंध आले तेव्हा केडगावच्या माळावर राहुट्या ठोकल्या. 1900 च्या सुमारास तिथे जवळपास 2000 जणी होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवायला घेतलं आणि ते काम मरेपर्यंत सोडलं नाही. 1922 मध्ये त्या गेल्या. आतली जागा भरली म्हणून हात थांबले नाहीत, उलट दुपटीने चालले. आत्मा पाहील म्हणून गप्प बसणाऱ्या मंडळीला हे सांगायला नको का?

बायबलमधल्या जक्कय या जकातदाराची गोष्ट आठवा. अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलं असेल त्याला चौपट परत. तेव्हाच प्रभू म्हणाला की आज या घराला तारण मिळालं आहे. तो हिशेब झाला नसता तर?

---

शब्दसेवक:

हिशेबाच्या आधीची ओळ वाचा. प्रभूला बघायला चढलेला जक्कय अजून झाडावरच होता, कोणाचा एक पैसाही त्याने परत केला नव्हता, तेव्हाच प्रभू म्हणाला, खाली उतर, आज मला तुझ्या घरी राहायचं आहे. आमंत्रण आधी आलं, चौपट नंतर. मला एवढीच ओळ जपायची आहे.

---

वसईची लेक:

तुम्हा दोघांचं वाचते आहे आणि मला परकं वाटतं आहे, कारण दोघंही एका रात्रीबद्दल बोलता. आमच्या वसईच्या धर्मग्रामांत नवं होणं असं एका रात्रीत मोजत नाहीत. दर वर्षी राखेचा बुधवार येतो, कपाळावर राख लागते, 40 दिवसांचा उपवासकाळ येतो, पापनिवेदनाला जावं लागतं. तेच पाप, तीच मी, पुन्हा. लहानपणी याचा कंटाळा यायचा. आता वाटतं, शरीरासकट नवं व्हायचं तर शरीराला कळेल अशी सवय लागते. गुडघे दुखतात, पोट रिकामं असतं, तोंडाने मोठ्याने पाप उच्चारावं लागतं. नुसत्या विचाराने ते होत नाही.

आणि बाहेरचं जग? फादर फ्रान्सिस दिब्रिटो बायबलचं भाषांतर करत होते आणि त्याच हयातीत हरित वसईसाठी बिल्डर आणि टँकरवाल्यांविरुद्ध रस्त्यावर उतरत होते. त्यांना कोणी विचारलं नसेल की तुमची प्रार्थना कुठे संपते आणि विहिरीचं पाणी कुठे सुरू होतं. जमीन, पाणी, केळीच्या बागा हेही आपल्या ख्रिस्ती जगण्यातच येतं. नगरकरांनी घरापर्यंत यादी केली. मी ती बांधापर्यंत नेईन.

---

शब्दसेवक:

ताई, आदर ठेवून विचारतो. दर वर्षी राख लावून, उपवास करून, तेच पाप घेऊन परत येणारी माणसं आयुष्यभर तशीच राहिली, तर ती सवय झाली की नूतनीकरण?

---

वसईची लेक:

दर वर्षी उज्जीवन सभेत पुढे येणाऱ्या त्याच चेहऱ्यांबद्दलही हाच प्रश्न उभा राहतो. माझं म्हणणं एवढंच की परत येत राहणं हा दोष नाही. यायचं थांबलं की काळजी करावी.

---

रात्रपाळी:

मी परिचारिका आहे. या धाग्यात एक गोष्ट अजून कोणी बोललं नाही, ती मला बोलायची आहे.

‘पूर्ण मनाने’ यातल्या मनाला आजार होतो. आमच्याकडे एक तरुण मुलगी आली होती. झोप नाही, जेवण नाही, जगण्याची इच्छा नाही. घरचे विश्वासू, मंडळीत मान असलेले. गोळ्या सुरू झाल्यावर तिला बरं वाटायला लागलं होतं. मग एका सभेत तिच्यावर हात ठेवून प्रार्थना झाली आणि सांगितलं गेलं की आता गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. तिने त्या एकदम बंद केल्या. ती पुन्हा आमच्याकडे कोणत्या अवस्थेत आली, ते मी इथे लिहिणार नाही. शुद्धीवर आल्यावर ती देवाबद्दल विचारत नव्हती. एकच विचारत होती, माझा विश्वास कमी पडला का?

आपण हे वाक्य माणसांच्या गळ्यात बांधतो आणि मग त्याला आत्मिक जीवन म्हणतो. मला याची चीड येते.

एलिया आठवा. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरवणारा संदेष्टा, त्यानंतर लगेच रानात झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूताने त्याला काय दिलं? उपदेश नाही, ‘तुझा विश्वास कुठे गेला’ हा प्रश्न नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. तो पुन्हा झोपला, तर झोपू दिलं. परत उठवून खायला घातलं आणि म्हटलं, वाट तुझ्या शक्तीपलीकडची आहे. देवाची वाणी त्यानंतर, होरेब डोंगरावर आली. शब्दसेवकभाऊ, तुम्ही क्रम मोजता म्हणून सांगते. इथे क्रम भाकरीपासून सुरू होतो. आणि प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटाच्या वारंवार होणाऱ्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. त्याने तीमथ्याचा विश्वास तपासला नाही.

---

प्रार्थनायोद्धा:

सिस्टर, त्या मुलीचं वाचून वाईट वाटलं. ज्यांनी गोळ्या बंद करायला सांगितलं त्यांनी चूक केली, हे मी स्पष्ट म्हणतो. पण यातून आरोग्यासाठीची प्रार्थनाच गुन्हा ठरवू नका. माझी आई ज्या दुखण्यातून उठली, तिथे डॉक्टरांनीही आशा सोडली होती. आम्ही सगळे रात्रभर प्रार्थनेत होतो. अख्खा माणूस देवाचा असेल, तर देवाने शरीराला हात लावणंही त्यातच आलं. केडगावलाही लोकांनी असामान्य गोष्टी अनुभवल्याच ना?

---

रात्रपाळी:

प्रार्थना करा. मीही वॉर्डात फिरताना करते. फक्त प्रार्थना संपल्यावर गोळीची वेळ पाळा, आणि बरं न झालेल्या माणसाशेजारीही तितकाच वेळ बसा. बरी झालेली साक्ष मंचावर येते. बरी न झालेली मागच्या बाकावर बसते आणि हळूहळू यायची बंद होते.

केडगावबद्दल म्हणाल, तर तिथे अन्यभाषांचा, म्हणजे प्रार्थनेत न शिकलेल्या भाषेत बोलण्याचा, अनुभव आलेल्या बऱ्याच जणी होत्या. पण तीच आत्म्याची एकमेव खूण, असा आग्रह खुद्द रमाबाईंनी धरला नाही.

---

तिसरी पिढी:

आता लग्नाच्या अटींकडे येऊ, कारण नगरकरांनी तो शब्द उच्चारला आणि सगळे बाजूने निघून गेले.

आम्ही घरात तीन पिढ्या ख्रिस्ती. आजोबांनी गावकुसाबाहेरच्या वस्तीतून येऊन बाप्तिस्मा घेतला, कारण प्रभूच्या मेजावर एकत्र बसता येतं असं त्यांना सांगितलं गेलं होतं. आज माझ्या बहिणीला स्थळ बघताना समोरचे लोक आडनाव ऐकतात आणि विचारतात, ‘मूळचे कुठले?’ गावाचं नाव त्यांना नको असतं. हे विचारणारे उज्जीवन सभेत हात वर करून गाणारे आहेत. आमच्यातही असे आहेत, जे आपल्याहून खालची म्हणून कोणाला तरी नाकारतात. त्यांनाही मी सोडत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये स्वतःबद्दल जे लिहिलं आहे, ते मला कुठल्याही उज्जीवनाच्या वर्णनापेक्षा जास्त खरं वाटतं. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या, तरी त्यांचं सोवळं, वेगळा स्वयंपाक, वेगळं पाणी चालूच होतं. राहुरीत विचार करता करता त्यांना पटलं की जात माणसाने केली, देवाने नाही. आणि मग त्यांनी कोणाच्याही हातचं पाणी प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. म्हणजे त्यांच्या बाबतीत आधी घसा बदलला. शब्दसेवकभाऊ, या बाईंना तुमच्या क्रमात कुठे बसवायचं?

---

शब्दसेवक:

प्रामाणिकपणे सांगतो, मी त्यांच्या बाबतीत असं म्हणेन की ते पाणी पिण्याआधीच कोणीतरी त्यांच्या आत बोलत होतं. जात देवाने केली नाही, हे त्यांना कुणी पटवलं? तेही मी कृपेचंच काम मानतो, बाप्तिस्म्याची तारीख काहीही असो. जातीबद्दल तुमच्याशी माझं दुमत नाही. ते पाप आहे आणि व्यासपीठावरून तसं म्हटलं गेलं पाहिजे.

---

शेजारचा वाचक:

मी ख्रिस्ती नाही, पण जामखेडचा प्रकल्प पाहिलेला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केलं. गावातल्या, अनेकदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. वेगवेगळ्या जातींच्या त्या बायका एकत्र राहून, एकत्र जेवून शिकल्या. त्यांचं वागणं, बोलणं, स्वतःबद्दलचं मत सगळंच बदललं, धर्म न बदलता. तुमच्या भाषेत याला आध्यात्मिक नूतनीकरण म्हणाल का? आणि म्हणत असाल, तर त्यासाठी बाप्तिस्मा, उज्जीवन हे कशाला लागतं?

---

नगरकर:

तुमच्या प्रश्नाला गोल उत्तर देणार नाही. त्या बायकांमधला बदल खरा आहे आणि त्यात देवाचा हात आहे, असं मी मानतो. त्यांना ‘तुम्ही ख्रिस्ती झालात’ असं परस्पर म्हणण्याचा हक्क मला नाही. पण आरोळे दांपत्य त्या कामाकडे कुठून आलं, हेही विसरता येत नाही. ख्रिस्ताच्या मागे जायचं तर गरिबात गरिबाकडे जायचं, ही त्यांची निष्ठा होती. ती नसती तर जामखेडसारख्या दुष्काळी तालुक्यात दोन उत्तम डॉक्टर आयुष्य काढायला का थांबले असते?

ना. वा. टिळकांनीही 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा दिली. दोनच वर्षांत ते गेले, काम अपुरं राहिलं. मिशनमधल्या अनेकांना ते रुचलं नव्हतं. मला ते आजही हवंसं वाटतं.

---

शब्दसेवक:

मला नाही वाटत. दार इतकं रुंद केलं की घर कुठलं तेच कळेनासं होतं. बाप्तिस्मा घेताना तुमच्या माझ्या आजोबांनी घरदार गमावलं. तो बाप्तिस्मा ऐच्छिक होता असं आता म्हणायचं का?

---

तिसरी पिढी:

आजोबांनी गमावलं ते एकाच मेजावर बसण्यासाठी. म्हणून मी एक ठोस गोष्ट सुचवतो. प्रभुभोजनाच्या, म्हणजे मेजावरच्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या, आधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी मंडळीला थेट विचारावं. स्थळ बघताना तुम्ही मूळ विचारलंत का, घरातल्या कामवाल्या ताईंना आजारपणाची सुट्टी पगारी देता का, घरातल्या आजारी माणसाला ‘विश्वास कमी’ म्हणालात का? नावं नकोत, हात वर करणं नको. पण प्रश्न मोठ्याने विचारले जावेत.

---

शब्दसेवक:

‘माणसाने स्वतःची परीक्षा करावी’ असं पौल म्हणतो. स्वतःची. पाळकाने चौकशी मांडावी असं तो म्हणत नाही. मेज कृपेचं आहे.

---

तिसरी पिढी:

त्याच अध्यायात, काहीच ओळी आधी, श्रीमंत लोक आधी जेवून घेतात आणि गरीब उपाशी राहतात म्हणून पौल अख्ख्या करिंथ मंडळीला उघड पत्रात फटकारतो. परीक्षा कशाची करायची, ते त्याने आधी मोठ्याने सांगितलं आहे. येत्या मंडळी सभेत मी हा ठराव मांडतो आहे. तुम्ही विरोधात बोला, पण या.