त्सहीहा : रुक्ष, निर्जल की उघडी?

मंजिरी : बायबलचा अनुवाद करताना स्तोत्र ६८:६ (हिब्रू क्रमांक ६८:७) अडलंय. देव एकट्यांना घर देतो, बंदिवानांना सोडवतो, बंडखोर मात्र ‘त्सहीहा’त राहतात. हे रूप अख्ख्या हिब्रू बायबलात इथे एकदाच येतं. मी ‘रुक्ष प्रदेश’ लिहिलं, संपादकांना ‘निर्जल भूमी’ हवंय.

कातळकोर : दोन्ही नकोत. त्याचा भाऊ ‘त्सहीअह’ यहेज्केल २४:७ मध्ये बघा. रक्त उघड्या खडकावर सांडलं, मातीवर नाही, म्हणून धुळीने झाकलं गेलं नाही. २६:४ मध्ये सोर नगरीची माती खरवडून तिचा असाच खडक करायचा आहे. पाण्याचा संबंधच नाही, वर पांघरूण नाही हा मुद्दा. तुमच्या ओळीतही ‘घर’ विरुद्ध ‘उघडा कातळ’ अशीच जोडी आहे. कोकणातला सडा, म्हणजे कातळाचं पठार, म्हणा.

धातुपाठ : सडा पावसाळ्यात फुलतो, तो नको. आणि तीनच ओळींनंतर त्याच स्तोत्रात देव भरपूर पाऊस पाडतो, तेव्हा कोरडेपणा सोडता येत नाही. धातू ‘त्सहह’, लखलखणे. गीतरत्न ५:१० मध्ये प्रियकर ‘त्सह’, म्हणजे तेजस्वी. यशया १८:४ मध्ये तेच विशेषण उन्हाच्या तापाला, यिर्मया ४:११ मध्ये वाऱ्याला. ‘रखरखीत’ घ्या. आपल्याकडेही ऊन रखरखीत असतं आणि माळही.

शुद्धमती : स्तोत्राला बोलीतला शब्द शोभत नाही. ‘शुष्क’ लिहा.

ओवीकार : का शोभत नाही? पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अनुवाद केला तो साध्या बायकांना कळावा म्हणूनच. ‘शुष्क’ ओठांना आणि पानांना ठीक, मुलखाला नाही.

मंजिरी : जुन्या ग्रीक अनुवादात तर ‘थडग्यांत राहणारे’ आहे!

धातुपाठ : हो, आणि ग्रीकवरून आलेल्या लॅटिन पाठात तेच उतरलं. लॅटिन अनुवादक जेरोमने थेट हिब्रूवरून केलं तेव्हा ‘सिक्कितातिबुस’, म्हणजे कोरड्या जागी.

शुद्धमती : अरबी ‘सहरा’, म्हणजे वाळवंट, याच धातूचा ना?

धातुपाठ : नाही, त्यात शेवटी ‘र’ आहे. त्याचा हिब्रू सोयरा शास्ते ५:१० मधल्या पांढुरक्या गाढवींचा ‘त्सहोर’.

ओवीकार : मग आपली ‘सही’? ती अरबी ‘सहीह’वरून आली. व्यंजनं तीच : त्स-ह-ह.

कातळकोर : व्यंजनं जुळली म्हणून अर्थ जुळत नाही. ‘सहीह’ म्हणजे निरोगी, निर्दोष.

ओवीकार : निर्दोष, निर्मळ, लखलखीत. फार लांब नाही. यशया ३२:४ मध्ये ‘त्साहोत’ म्हणजे स्वच्छ, स्पष्ट बोलणं.