चिनी वैद्यक तीव्र नैराश्याकडे आणि आत्महत्येच्या विचारांकडे कसे पाहते?

प्रश्न
माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त सिंगापूरला असतो. काही महिन्यांपासून तो खचला आहे आणि 'आता जगून काय करायचे' असे माझ्याजवळ बोललाही आहे. तेथील चिनी वैद्याने यकृतातील 'छी' (चिनी वैद्यकानुसार शरीरात वाहणारी जीवनशक्ती) कोंडल्याचे निदान करून काढा दिला. मनाच्या दुखण्याचा यकृताशी संबंध कसा लावतात आणि एवढ्यावर विसंबावे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
चीनमध्ये एमबीबीएस करताना आम्हाला हा विषय होता. 'ह्वांगदी नेइचिंग' या प्राचीन ग्रंथात मन आणि शरीर वेगळे मानलेले नाहीत. रागाने छी वर चढते, शोकाने क्षीण होते, भीतीने खाली उतरते आणि अतिविचाराने तिची गाठ बसते, असे त्यात म्हटले आहे. छी मोकळी वाहती ठेवणे हे यकृताचे काम. गिळलेला राग आणि अपेक्षाभंग यांनी ती तुंबली की छाती भरून येते, घशात गोळा अडकल्यासारखे वाटते, उसासे येतात, झोप उडते. कोंडमारा लांबला की कफ साचून हृदयातील चैतन्य झाकोळते आणि माणूस अबोल, विरक्त होतो, अशी मांडणी आहे. आत्महत्येचा विचार हा त्यात वेगळा रोग नसून याच बिघाडाची टोकाची अवस्था ठरतो. अकारण रडू येणाऱ्या स्त्रीसाठी प्राचीन चिनी वैद्य चांग चोंगचिंग यांनी सांगितलेला काढा तर ज्येष्ठमध, गहू आणि चिनी बोरे एवढ्याचाच आहे.

प्रतिसाद २
भावनेवर भावनेचाच उतारा देण्याची परंपराही तिथे आहे. चांग त्सहे (११५६–१२२८) या चिनी वैद्यांकडे अतिविचाराने दोन वर्षे झोप उडालेली एक श्रीमंत घरची स्त्री आली. त्यांनी तिच्या नवऱ्याशी संगनमत करून भरपूर पैसे घेतले, कित्येक दिवस मद्यपान केले आणि औषध न देताच ते निघून गेले. ती संतापली, तिला घाम फुटला आणि त्याच रात्री झोप लागली. मला ही कथा फार आवडते.

प्रतिसाद ३
कथा सुंदर आहे, परंतु जीव नकोसा झालेल्या माणसाला मुद्दाम चिडवणे घातक आहे. असा प्रयोग कोणीही करू नये. मी मानसोपचार क्षेत्रात काम करते. छीच्या भाषेत आपले दुःख सांगता आल्याने पुष्कळांना हलके वाटते आणि ते मोलाचेच आहे. मात्र आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्याला मानसोपचारतज्ज्ञाने तातडीने तपासलेच पाहिजे. काढ्यात काय आहे हेही त्यांना कळवा, कारण ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो आणि मन शांत करणाऱ्या काही जुन्या औषधांत हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे खनिज, असे.

भावाला आजच फोन करा आणि जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आले तर त्याला एकटे राहू देऊ नका, तेथील मित्राला तातडीने त्याच्याकडे पाठवा. सिंगापुरात १७६७ ही मदतवाहिनी चोवीस तास सुरू असते आणि धोका तात्काळ असेल तर ९९५ वर रुग्णवाहिका येते. भारतातील वाचकांसाठी टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे मराठीतही बोलता येते.