मदत हवी आहे : प्री-डेंटल मुलीने परदेशातल्या दंतशिबिराला जावं का?

रानजाई :

नमस्कार. माझी मुलगी इथे अमेरिकेत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजनंतर डेंटल स्कूललाच जायचं हे तिचं नववीपासून पक्कं आहे, म्हणजे ती 'प्री-डेंटल' आहे. मार्चच्या सुट्टीत तिच्या कॉलेजातला एक गट ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात आठवडाभर दातांच्या शिबिराला जाणार आहे आणि तिलाही जायचंय. आमच्या दोन्हीकडच्या घरांत डॉक्टर कुणीच नाही, म्हणून इथे विचारते आहे.

आयोजकांच्या ऑनलाइन बैठकीला मी तिच्या शेजारी बसले होते. "इथे ज्यासाठी अजून चार-पाच वर्षं थांबावं लागेल, ते तिथे पहिल्या दिवसापासून करायला मिळेल," असं त्यांनी सांगितलं. म्हणजे नक्की काय, असं तिने विचारलं. उत्तर आलं, भुलीचं इंजेक्शन देणं आणि डॉक्टर शेजारी असताना दात काढणं. लेकीचा चेहरा उजळला, मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. हिने आजवर एका दवाखान्यात खुर्चीमागे उभं राहून साठेक तास नुसतं पाहिलंय. ती कुणाच्या जबड्यात सुई घालणार? आणि खुर्चीत बसलेल्या बाईला कुणी सांगणार आहे का, की ही डॉक्टर नाही?

तिचं म्हणणं, "आई, त्या गावांत दातांचा डॉक्टरच नाही. ठणकणारी दाढ घेऊन लोक महिने काढतात. काहीच न मिळण्यापेक्षा हे बरं नाही का?" यावर मला बोलता आलं नाही. तिची तळमळ खरी आहे, म्हणून नुसतं "नाही" म्हणून तिला गप्प बसवायचं नाहीये. शिवाय असा अनुभव असला की डेंटल स्कूलचा अर्ज भक्कम होतो, असं गटातली सगळी मुलं धरून चालली आहेत. ते खरं आहे का? आणि गेलीच, तर तिने तिथे काय करावं, आयोजकांना आधी काय विचारून घ्यावं? कुणी गेलेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

कवडसा :

रानजाई, मी दातांची डॉक्टर आहे आणि अशा चार शिबिरांना गेले आहे. तुमची झोप उडाली ते योग्यच झालं.

आधी लेकीच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तो प्रश्न प्रामाणिक आहे. "विद्यार्थिनी किंवा काहीच नाही" अशी निवड तिथे नसतेच. डॉक्टर शेजारी उभा असेल, असं आयोजकच सांगताहेत ना? मग निवड आहे ती डॉक्टरचा हात की तिचा हात, एवढीच. त्या बाईला दोन्ही पर्याय नीट समजावून सांगितले, तर ती कुणाचा हात मागेल?

खालच्या दाढांसाठी भूल देताना सुई जवळजवळ अडीच सेंटिमीटर आत जाते, आणि ज्या मज्जातंतूला बधिर करायचं, त्याला लागूनच रक्तवाहिन्या असतात. औषध सोडण्याआधी दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येतंय का ते पाहावं लागतं. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या, म्हणजे गालामागच्या हाडातल्या पोकळीच्या, तळाशी टेकलेली असतात. मूळ मोडून आत राहिलं तर ते काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं. अमेरिकेच्या कुठल्याही राज्यात परवाना नसलेल्या कॉलेजच्या मुलीला दात काढू देत नाहीत. सीमा ओलांडली म्हणून रुग्णाचा जबडा बदलत नाही.

आता अर्जाचं. अमेरिकन डेंटल एज्युकेशन असोसिएशन, म्हणजे ज्यांच्या प्रणालीतून बहुतेक डेंटल स्कूलना अर्ज जातो तीच संस्था, हिने परदेशी शिबिरांना जाणाऱ्या प्री-डेंटल मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. सार एवढंच, की जे आपल्या देशात करायची मुभा नाही ते तिकडेही करायचं नाही. "मी दात काढले" असं अर्जात लिहिलं तर ते तिच्या विरोधातच जाऊ शकतं. युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटाची 'ग्लोबल अँबॅसडर्स फॉर पेशंट सेफ्टी' ही ऑनलाइन कार्यशाळा याच विषयावर आहे, जायच्या आधी ती तिला करायला सांगा.

पण ती गेली तर बिनकामाची ठरेल, असं मुळीच नाही. शिबिरात सगळ्यात तुटवडा असतो तो डॉक्टरच्या वेळेचा, आणि हा वेळ वाचवणारी माणसं सोन्यासारखी. अवजारं घासायची, पाकिटात बंद करायची, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) लावायचा. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये गुंडाळलेल्या अवजारांना १२१ अंश सेल्सियसला ३० मिनिटं लागतात, वर वाळायचा वेळ वेगळा. बाहेर रांग वाढली की कुणीतरी म्हणतंच, "झालं असेल, काढा." तेव्हा "नाही, अजून अकरा मिनिटं" म्हणणारं माणूस तिथे हवं. ते काम तुमच्या लेकीला जमेल आणि त्याने कुणाचा तरी कावीळ-बीपासून बचाव होईल.

नोंदी ठेवायचं कामही तसंच जोखमीचं. अमेरिकेत दातांना १ ते ३२ असे आकडे देतात, बहुतेक जगात मात्र दोन अंकी पद्धत चालते. त्या पद्धतीत १६ म्हणजे वरच्या उजव्या बाजूची पहिली मोठी दाढ. अमेरिकेत १६ म्हणजे वरची डावी अक्कलदाढ! स्थानिक डॉक्टरने कागदावर १६ लिहिलं आणि अमेरिकेहून गेलेल्या माणसाने ते आपल्या सवयीने वाचलं, तर चांगली दाढ जाईल. पहिल्याच सकाळी सगळ्यांनी एक पद्धत ठरवून घ्यायची, आणि नोंद करणाऱ्याने डॉक्टरला आकडा आणि जागा दोन्ही मोठ्याने वाचून दाखवायची.

एक आठवण सांगते. माझ्या पहिल्या शिबिरात आम्ही शेवटच्या दिवशीही दुपारपर्यंत दात काढत होतो. काढलेल्या जागेतली रक्ताची गाठ निसटली की दोन-तीन दिवसांनी भयंकर ठणका लागतो. तोवर आम्ही परत आलो होतो. त्या माणसांनी कुणाकडे जायचं, याची व्यवस्था आमच्याकडे नव्हती. हे मला आजही टोचतं. त्यानंतर मी ज्या गटाबरोबर गेले, ते शेवटचे दोन दिवस मुलांना फ्लोराइड वार्निश लावायला आणि आधीच्या रुग्णांना पुन्हा तपासायला ठेवायचे. म्हणून आयोजकांना पहिला प्रश्न हाच विचारा, की तुम्ही गेल्यावर रुग्ण कुणाकडे जाणार? तिथल्या डॉक्टरचं नाव त्यांना सांगता आलं पाहिजे. मग विचारा, तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी आहे का, आणि किती रुग्णांमागे किती परवानाधारक डॉक्टर. अमेरिकेत नोंदलेली ना-नफा संस्था असेल तर तिचा फॉर्म ९९०, म्हणजे करखात्याला दिलेलं वार्षिक विवरणपत्र, सहसा सगळ्यांना पाहता येतो. पैसा कुठे जातो ते त्यात कळतं.

पाणपोई :

काकू, मी डेंटलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्री-डेंटल असताना होंडुरासला गेले होते. सुई हातात घेतली नाही, तरी मुलाखतीत सगळ्यात जास्त त्याबद्दलच बोलले.

दोन गोष्टी. हिपॅटायटिस-बीची लस लहानपणी झाली असली, तरी अँटिबॉडीची रक्ततपासणी करून घ्या. पातळी १० किंवा त्याहून जास्त हवी. माझी कमी निघाली आणि पुन्हा डोस घ्यावा लागला, म्हणून हे आत्ताच करा, मार्चची वाट पाहू नका. वापरलेली सुई टोचली तर काय करायचं हेही विचारून ठेवा. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि डोंगरातल्या गावात ती कुठून आणणार?

दुसरं म्हणजे भाषा. स्पॅनिश शिकून जाऊ दे, पण ग्वाटेमालाच्या डोंगरात अनेकांची घरची भाषा माया कुळातली असते. कागदावर सही घेणं म्हणजे संमती नव्हे, दुभाष्या आहे का ते विचारा. आणि तिला खरंच हात भिजवायचे असतील तर इथे अमेरिकेतही रिमोट एरिया मेडिकल या संस्थेची मोफत शिबिरं असतात. तिथे पहाटेच्या अंधारात लागलेली रांग मी पाहिली आहे.

रानजाई :

कवडसा, पाणपोई, दोघींचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद लेकीला वाचायला दिले. "डॉक्टरचा हात की तिचा" या वाक्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग स्वतःच आयोजकांना पत्र लिहिलं : मी इंजेक्शन देणार नाही, दात काढणार नाही, निर्जंतुकीकरण आणि नोंदी करीन, चालेल का? सोबत तुमचे सगळे प्रश्नही विचारलेत. उत्तर यायचंय. अँटिबॉडीची तपासणी गुरुवारी आहे.

अजून एक विचारायचं राहिलं. गटातल्या इतर मुलांना हे कसं सांगावं? ती त्यांच्यात सगळ्यात लहान आहे.

कवडसा :

तिने एकटीने सांगू नये. डेंटल एज्युकेशन असोसिएशनच्या त्या सूचना छापून गटाच्या प्राध्यापक सल्लागारांकडे न्याव्यात आणि पुढच्या बैठकीत त्यांनीच त्या सर्वांसमोर वाचाव्यात. आयोजकांचं उत्तर आलं की इथे जरूर कळवा.