सिव्हीसीआरएममध्ये नाती आणि लिंग कसे नोंदवावे? (वाचनालयाचे कौटुंबिक सभासद)

मदत हवी आहे

वाचनालयाच्या सुमारे 1100 सभासदांची यादी एक्सेलमधून सिव्हीसीआरएम या सभासद-नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची आहे. बरेच जण कौटुंबिक वर्गणीदार आहेत. एक्सेलमध्ये 'नाते' हा एकच रकाना आहे. त्यात पत्नी, सून, पुतण्या, भाची, जाऊ असे जे सांगितले गेले ते लिहिले आहे. कोणाची सून, हे वरची ओळ पाहूनच कळते. 'लिंग' रकान्यात काही ठिकाणी पु/स्त्री, तर काही ठिकाणी 1 आणि 2 आहे.

चाचणी म्हणून काका–पुतण्या, मामा–भाचा, सासू–सून असे नात्यांचे प्रकार बनवायला घेतले. ते 23 झाले तरी संपेनात, कारण काका–पुतणी वेगळे, काकू–पुतण्या वेगळे. शिवाय मुलीच्या पानावर 'पुतण्या' दिसू लागले.

प्रत्येक नात्याला वेगळा प्रकार लागतोच का? लिंगाचे पर्याय कोणते ठेवावेत? आणि 'आपण सभासद झाला आहात' हा एसएमएस स्त्रियांना कसा पाठवायचा?

प्रतिसाद 1

ते 23 प्रकार काढून टाका. सिव्हीसीआरएममध्ये नात्याच्या प्रकाराला दोन टोके असतात, अ कडून ब आणि ब कडून अ. प्रत्येक टोकाला एकच ठरलेले लेबल. ते दाखवताना समोरची व्यक्ती स्त्री की पुरुष हे सॉफ्टवेअर पाहत नाही. म्हणून मुलीच्या पानावर पुतण्या आला.

मराठी नात्यांत तर दोन टोकांच्या लिंगावरही भागत नाही. तोच मुलगा काकाचा पुतण्या, पण आत्याचा भाचा. म्हणजे बोलणारा कोण, ज्याच्याबद्दल बोलतो तो कोण आणि मधला दुवा भाऊ की बहीण, हे सगळे कळल्याशिवाय शब्द ठरत नाही. लेबलांची यादी कितीही वाढवली तरी ती पुरणार नाही.

नोंदवायचे दुवे दोनच: पालक–अपत्य आणि जोडीदार. सून म्हणजे अपत्याची जोडीदार. जाऊ म्हणजे जोडीदाराच्या भावाची जोडीदार. बाकीची नाती या दोन दुव्यांवरून आणि प्रत्येकाच्या लिंगावरून कळतात, ती साठवायची गरज नाही. 'चाइल्ड ऑफ / पेरेंट ऑफ' आणि 'स्पाउस ऑफ' हे प्रकार मुळात असतातच. 'ॲडमिनिस्टर → कस्टमाइझ डेटा अँड स्क्रीन्स → रिलेशनशिप टाइप्स' इथे जाऊन फक्त लेबले मराठी करा. जोडीदाराला दोन्ही टोकांना एकच लेबल द्या आणि नोंद एकाच बाजूने भरा, दुसऱ्याच्या पानावर ती आपोआप दिसते.

मधली व्यक्ती सभासदच नसेल तर? काका आणि पुतणी दोघे येतात, पण मुलीचे वडील यादीत नाहीत. केवळ दुवा जुळावा म्हणून वडिलांचे खोटे पान उघडू नका. 'नातेवाईक' असा दोन्हीकडे समान लेबलचा एक प्रकार करा आणि नेमका शब्द त्या नात्याच्या 'डिस्क्रिप्शन'मध्ये लिहा.

आता सर्वांत महत्त्वाचे. कौटुंबिक वर्गणी नात्यावर टांगू नका, घरावर टांगा. प्रत्येक घरासाठी 'हाउसहोल्ड' प्रकारचा संपर्क (म्हणजे घराचे स्वतंत्र पान) उघडा, माणसे त्याला 'हाउसहोल्ड मेंबर ऑफ' किंवा 'हेड ऑफ हाउसहोल्ड फॉर' या नात्याने जोडा, आणि सभासदत्वाच्या प्रकारात ही दोन्ही नाती निवडा. मग घराची वर्गणी भरली की सर्वांना सभासदत्व मिळते. एका वर्गणीवर चारच कार्डे देत असाल तर ती मर्यादाही तिथेच, 'मॅक्स रिलेटेड'मध्ये. मुलगी लग्न होऊन गेली तर घराच्या नात्याला शेवटची तारीख द्या, पालक–अपत्य दुव्याला हात लावू नका. घटस्फोटातही तेच: जोडीदाराची नोंद पुसायची नाही, संपवायची. कुटुंबप्रमुख पुरुषच असे गृहीत धरू नका. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार शिधापत्रिकेवर घरातली 18 वर्षांवरील सर्वांत मोठी स्त्रीच प्रमुख असते.

प्रतिसाद 2

लिंगाच्या रकान्यातले ते 1 आणि 2 तसेच आत जाऊ देऊ नका! लिंगाचे आकडे ठरवणाऱ्या आयएसओ 5218 या आंतरराष्ट्रीय मानकात 1 म्हणजे पुरुष आणि 2 म्हणजे स्त्री (0 माहीत नाही, 9 लागू नाही). सिव्हीसीआरएमच्या मूळ यादीत मात्र 1 स्त्री आणि 2 पुरुष. कुठलीही चूक न दाखवता सगळे उलटे भरले जाईल. तुमच्या यादीत 1 कोणासाठी वापरला आहे हे पाच-दहा ओळखीच्या नावांवर ताडून पाहा, मग एक्सेलमध्येच शब्द करा.

पर्याय चार ठेवा: स्त्री, पुरुष, तृतीयपंथी/अन्य, सांगायचे नाही. रिकामे म्हणजे 'विचारलेच नाही', आणि 'सांगायचे नाही' म्हणजे विचारून मिळालेले उत्तर. या दोहोंची गल्लत करू नये. पर्यायाचे लेबल कधीही बदला, पण त्यामागचा आकडा बदलू नका, जुन्या नोंदी त्याच आकड्याला बांधलेल्या असतात. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आहे. वाचनालयाने प्रमाणपत्र मागू नये, माणूस सांगेल ते लिहावे.

'लिंग: स्त्री' अधिक 'जोडीदार आहे' यावरून 'सौ.' लावण्याचा मोह टाळा. जोडीदार वारलेल्या बाईच्या पाकिटावर 'सौ.' छापून गेले तर ते फार लागते, आणि नको असतानाही ते बिरुद लावले जाणाऱ्या स्त्रिया वेगळ्याच. श्री., श्रीमती, सौ., कु., डॉ. हे 'प्रीफिक्स'मध्ये ठेवा, अर्जावर सभासदालाच निवडू द्या. न निवडल्यास नुसते नाव.

एसएमएसचे उत्तर व्याकरणातच आहे. वाक्याचा कर्ता वाचक ठेवूच नका. 'आपण सभासद झाला आहात' ऐवजी 'आपले सभासदत्व सुरू झाले आहे'. 'पुस्तक द्यायला विसरला आहात' ऐवजी 'पुस्तक परत येणे बाकी आहे'. 'आपण 600 रुपये भरले' चालते, कारण तिथे क्रियापद रुपयांमागे जाते. एकच मजकूर सर्वांना पुरतो.

धागाकर्ती

फार उपयोग झाला. आणखी एक: बऱ्याच घरांत सगळ्यांचा ईमेल एकच आहे. आणि मधल्या नावावरून वडील किंवा पती आपोआप शोधता येतील का?

प्रतिसाद 3

मधल्या नावावरून शोधू नका. तिथे कोणाच्या वडिलांचे नाव असते, कोणाच्या पतीचे. आणि महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी आईचे, मग वडिलांचे नाव येते.

एक ईमेल ही खरी अडचण आहे. आयातीत दुहेरी नावे ओळखण्याचा मूळ नियम ईमेलवर चालतो. घरातली पहिली ओळ आत जाते. पुढच्या ओळी दुहेरी ठरून वगळल्या जातात, किंवा 'अपडेट' निवडले असेल तर सासऱ्यांच्या नोंदीवर सुनेचे नाव चढते. म्हणून प्रत्येक ओळीला स्वतःचा 'एक्स्टर्नल आयडेंटिफायर' (आपण दिलेला वेगळा ओळखक्रमांक) द्या, जुना सभासद क्रमांक चालेल. एका क्रमांकावर चौघे असतील तर 412-1, 412-2 असे करा. सामायिक ईमेल फक्त घराच्या संपर्कावर ठेवा.

आयात तीन फेऱ्यांत करा: आधी घरे, मग माणसे, शेवटी नाती. तिसऱ्या फाइलला तीन रकाने पुरतात: माणसाचा क्रमांक, नात्याचा प्रकार, दुसऱ्याचा क्रमांक. मग प्रकाराच्या रकान्यावरून प्रत्येक प्रकाराची फाइल वेगळी करा. रकाने जुळवताना 'चाइल्ड ऑफ' निवडले की पुढे पालकाचा 'एक्स्टर्नल आयडेंटिफायर' निवडायचा. इथे टोके उलटली तर मूल पालक होते, म्हणून जन्मतारखा असतील तर आधीच ताडून घ्या.

बालवाचकांना पालकाचा दुवा नक्की जोडा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची व्यक्ती मूल धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकाची संमती घेण्याची तरतूद आहे; ती कोणी दिली हे या दुव्यावरून दाखवता येते.

आधी बॅकअप घ्या आणि 20 ओळींची चाचणी करा. त्यात एक एकत्र कुटुंब, एक सासरी गेलेली मुलगी आणि एकटे राहणारे एक सभासद असू द्या. प्रत्येक फेरीत आलेले संपर्क नव्या गटात टाकायला सांगा, म्हणजे चूक निघाली तर तेवढेच शोधून पुसता येतील.