राजापूरचं नुसतं नाव बदललं नाही

कोणीतरी म्हटलंय की २००८ च्या पुनर्रचनेत (मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या तेव्हा) राजापूर लोकसभा मतदारसंघाचं 'फक्त नाव बदललं', रत्नागिरी-सिंधुदुर्ग झालं. तसं नाहीये हो. जुन्या रत्नागिरी मतदारसंघाचे दोन तुकडे झाले. चिपळूण-रत्नागिरी खाली सिंधुदुर्गाला जोडले, दापोली-गुहागर वर रायगडात गेले. म्हणून तर अनंत गीते रत्नागिरीचे खासदार असून २००९ ला रायगडातून उभे राहिले. आमचे दापोलीकर राहतात रत्नागिरी जिल्ह्यात, पण लोकसभेची मतमोजणी अलिबागला!

विधानसभेत तर खेड मतदारसंघच गायब झाला. तालुक्याचा काही भाग दापोलीला, काही गुहागरला. खेडमधून १९९० पासून सलग निवडून येणारे शिवसेनेचे रामदास कदम मग २००९ ला गुहागरला आले. ती जागा मित्रपक्ष भाजपच्या विनय नातूंची, ते अपक्ष उभे राहिले आणि दोघांच्या भांडणात राष्ट्रवादीचे भास्कर जाधव निवडून आले. संगमेश्वर, मालवण, वेंगुर्ला ही नावंही तेव्हाच यादीतून गेली. नारायण राणेंनी मालवणऐवजी कुडाळ धरलं, ते २०१४ ला शिवसेनेच्या वैभव नाईकांनी घेतलं.

राजापूर म्हटलं की नाथ पै (१९५७, ६२, ६७) आणि नंतर पाच वेळा मधु दंडवते. समाजवाद्यांचा असा गड महाराष्ट्रात दुसरा नसावा, हे माझं मत. १९९१ ला काँग्रेसच्या सुधीर सावंतांनी तो पाडला, १९९६ पासून शिवसेनेचे सुरेश प्रभू. म्हणजे रेषा बदलायच्या आधीच तिथलं राजकारण बदललं होतं, सगळं खापर पुनर्रचनेवर नको.