विषय: ३०९ (ऑस्ट्रेलियाचा जोडीदार) व्हिसा – घरच्यांनी ठरवलेल्या लग्नाचा पुरावा काय द्यायचा?

नमस्कार मंडळी,

मी मंडळात नवीन आहे, मेलबर्नला क्लेटनमध्ये राहतो, पीआर (कायमचा रहिवासी) आहे. फेब्रुवारीत साताऱ्याला लग्न झालं. सुट्टी संपली तसा मी परत आलो, बायको माझ्या आईबाबांकडे आहे. आता तिच्यासाठी ३०९ भरायचाय. पुण्यातला एजंट म्हणतो की केस कच्ची आहे: जॉइंट अकाउंट नाही, दोघांच्या नावावर भाडेकरार नाही, वर्षभर एकत्र राहिलेला नाहीत. लग्नाचे फोटो मात्र हजारभर आहेत. अशा परिस्थितीत कोणी भरलाय का?

क्लेटनचा नवखा

---

अरे, आधी अभिनंदन!

वर्षभराची अट लग्न न केलेल्या, म्हणजे डी फॅक्टो जोडप्यांना आहे. नवराबायकोच्या राहण्याबाबत कायदा एवढंच विचारतो की तुम्ही एकत्र राहता का, आणि नसाल तर कायमचे वेगळे तर झालेला नाहीत ना. तू नोकरीसाठी इथे, ती व्हिसासाठी तिथे थांबलेली, हे त्यात बसतं. हे न सांगणाऱ्या एजंटचा एमएआरएन (ऑस्ट्रेलियातल्या एजंट-नोंदणीचा) नंबर आधी विचार.

हजार फोटोंतले वीस ठेव. लग्न लागलं याबद्दल ऑफिसरला शंका नसते. अक्षता पडल्यानंतर काय चाललंय ते त्याला बघायचं असतं. पैसा, घर, चारचौघांतली ओळख आणि एकमेकांशी बांधिलकी, असे चार कप्पे आहेत. आपल्याकडे हे सगळं असतं, फक्त कागदावर नसतं.

पैसे तू आईच्या खात्यावर पाठवत असशील, आपली बहुतेक मुलं तेच करतात. त्यातले थोडे दरमहा थेट बायकोच्या खात्यावर जाऊ देत. तुझ्या सुपरला (इथल्या निवृत्ती फंडाला) तिचं नाव लाव, तिच्या पीएफला तुझं.

घराचं म्हणशील, तर ती सासरी राहते हाच तुझा सगळ्यात भक्कम पुरावा आहे आणि तू तो अडचण म्हणून सांगतोयस! नवरा परदेशात असताना सून सासरी का राहते हे ऑफिसरला आपोआप कळणार नाही, ते लिहावं लागतं. आधारवरचा पत्ता बदला, रेशनकार्डावर नाव चढवा, तिचं बँक स्टेटमेंट त्या पत्त्यावर येऊ दे. आईंना पत्र लिहायला सांग. ‘सून गुणी आहे’ नको. ती कधीपासून घरात आहे, घरात काय बघते, गणपतीत, आजारपणात काय झालं, असा तपशील हवा. मराठीत लिहिलं तरी चालेल, सोबत इंग्रजी भाषांतर लाव. इथे करून घेतलंस तर नाटीवाल्याकडूनच (नाटी म्हणजे इथली भाषांतरकारांना मान्यता देणारी संस्था).

आणि लग्न ठरवून झालं हे लपवू नका. ‘मित्राकडे ओळख झाली’ वगैरे कथा रचतात लोक, कशाला? बायोडेटा कोणी आणला, कांदेपोहे कुठे झाले, साखरपुडा कधी, सगळं तारखांसकट लिहा. दोघांच्या निवेदनांतल्या तारखा जुळायला हव्यात, वाक्यं जुळली तर पंचाईत. तिचं तिला लिहू दे.

लग्नात नाव बदललंय का? पासपोर्ट माहेरच्या नावाचा असला तरी बिघडत नाही. अर्ज त्याच नावाने भरा आणि ‘इतर नावं’मध्ये सासरचं नाव घाला. पत्रिकेत एक, दाखल्यावर दुसरं आणि अर्जात तिसरं, असं सोडू नका.

दोन-तीन महिने पुरावा साठव, मग भर. फी १ जुलै २०२५ ला ९,३६५ डॉलर झाली, नकार आला तर परत मिळत नाही.

टार्नीटची ताई

---

ताईंचं सगळं पटलं, शेवटचं सोडून. थांबू नकोस. ३०९ तात्पुरता असतो; त्यानंतरच्या कायमच्या, म्हणजे १०० व्हिसासाठी जी दोन वर्षं लागतात ती अर्जाच्या तारखेपासून मोजतात. नातं आज खरं आहे हे दिसण्याइतके कागद आत्ता लाव, बाकीचे निकाल लागेपर्यंत इमीअकाउंटमध्ये (व्हिसाच्या ऑनलाइन खात्यात) चढवता येतात.

मधल्या काळात तिच्यासाठी ६०० व्हिजिटर व्हिसा मागून बघ. ३०९ भरलाय हे त्या अर्जात उघड लिही आणि ठरल्या वेळी परत जाणार हेही. त्यावर ८५०३ अट पडू शकते. पडली तर तिला इथे राहून बहुतेक दुसऱ्या व्हिसांचे अर्ज करता येणार नाहीत, पण आधी भरलेला ३०९ चा अर्ज त्याने रद्द होत नाही. क्लेटनच्या घरात दोघं राहिलात की भाडेकरारावर नाव, दोघांचं खातं, सगळंच मार्गी लागेल.

फॉर्म ८८८ साठी, म्हणजे नात्याबद्दलच्या साक्षीसाठी, तुम्हा दोघांना ओळखणारी माणसं बघ. मी तुझ्या बायकोला भेटलेलो नाही, त्यामुळे मला विचारू नकोस!

पॉइंट कुकचे काका

---

काका, मान्य. लगेच भर रे.

टार्नीटची ताई

---

ताई, काका, खूप आभार. या शनिवारी अर्ज भरतो. आई कालच पत्र लिहायला बसली. चार पानं झालीत, त्यातली तीन माझ्या लहानपणावर आहेत.

---

ती तीन काढायला लाव. भाषांतरवाले पानावर पैसे घेतात.

ताई